गुडघ्यांसाठी घडीचे पोल घेतले, आठ महिने वापरून सांगते

आधीच सांगते, हे पोल, म्हणजे डोंगरात चढता-उतरताना टेकायच्या काठ्या, घ्यायला मी दीड वर्ष टाळाटाळ केली. पळणाऱ्या बाईने हातात काठ्या धरायच्या म्हणजे कसंतरीच वाटायचं, त्यात घरचे "आजीबाई निघाल्या" म्हणायला टपलेलेच. पण डोंगरात पळायचं सुटत नव्हतं, आणि उतार लागला की उजव्या गुडघ्याच्या वाटीमागे असं काही ठणकायला लागायचं की चढावर सगळ्यांच्या पुढे असलेली मी उतरताना खेकड्यासारखी तिरकी तिरकी सगळ्यात शेवटी पोचायचे. फिजिओ म्हणाली रनर्स नी आहे, वाटी आणि मांडीचं हाड यांच्यामधल्या सांध्यावर ताण येतोय, पळणं बंद नको करू पण उतार कमी कर. आता वर चढलेल्या माणसाने उतार कमी कसा करायचा?

तर शेवटी तीन तुकड्यांचे, आतून दोरी असलेले घडीचे पोल घेतले, अॅल्युमिनियमचे. कार्बनचे हलके असतात खरे, पण दगडात अडकून वाकडा जोर आला की काडकन मोडतात, अॅल्युमिनियम निदान वाकतं तरी, आणि मी किती धडपडते ते मला माहितीये.

पहिले दोन आठवडे वाटलं पैसे पाण्यात गेले. गुडघा तसाच, वर दंड भरून आले. मग कळलं की मी पोलच्या मुठीला असलेल्या पट्ट्यात हात वरून घालत होते आणि मूठ घट्ट आवळून सगळा जोर बोटांनी लावत होते. हात पट्ट्यात खालून वर घालायचा आणि मग पट्टा आणि मूठ दोन्ही एकदम धरायचं, म्हणजे भार मनगटाखालच्या पट्ट्यावर जातो आणि बोटं सैल राहतात. एवढ्याशा गोष्टीने सगळं बदललं राव. दुसरं म्हणजे लांबी. सपाटीला कोपर काटकोनात येईल एवढी, आणि मोठा उतार आला की पाच-दहा सेंटीमीटर वाढवायची, नाहीतर पुढे वाकावं लागतं आणि तोल जातो. माझ्या पोलचा फक्त वरचा तुकडा कमीजास्त होतो, लिव्हर उघडायची, सरकवायचा, बंद करायची, पण एवढं पुरतं. पाय टाकायच्या आधी पोल खाली टेकायचा, पाय पडल्यावर टेकला तर नुसती शोभा.

1999 साली एक अभ्यास छापून आला होता, त्यात 25 अंशांच्या उतारावर पोल घेऊन चालताना गुडघ्यावरचा भार साधारण 12 ते 25 टक्के कमी भरला. तो चालण्याचा आकडा आहे, पळण्याचा नाही, त्यामुळे मी खूप तीव्र उतार आता सरळ चालतच उतरते, लाज नाही वाटत. मागच्या महिन्यात चार तासांची रपेट झाली आणि दुसऱ्या दिवशी सकाळी जिना कठडा न धरता उतरले, अर्धा उतरल्यावर लक्षात आलं की अरे, आपण कठडा धरलाच नाहीये.

आता तक्रारी. घडी उघडल्यावर जे बटण खट्कन बाहेर येतं त्यात चिखल गेला की ते आतच बसून राहतं, दोनदा वाटेत पाण्याच्या बाटलीने धुवावं लागलं, म्हणजे प्यायचं पाणी गेलं. दगडावर टोक आपटल्याचा टकटक आवाज शांत जंगलात नकोसा होतो. सपाट वाटेवर पोल म्हणजे नुसतं ओझं, घडी करून पाठीवर टाका, आणि हात अडकलेले असल्याने नाक पुसायचीही चोरी.

आणि पोल घेतले म्हणून व्यायाम सोडलात तर काही उपयोग नाही हं. मी अजून रोज पायरीवर एका पायावर उभी राहून दुसरा पाय हळूहळू खाली नेण्याचा तो कंटाळवाणा व्यायाम करते, पावलं छोटी आणि भराभर टाकते. पोलमुळे एवढंच झालं की या सगळ्याचा परिणाम दिसेपर्यंत मला डोंगर सोडावा लागला नाही. गुडघा सुजत असेल, मध्येच अडकत असेल किंवा दगा देत असेल तर मात्र पोल घ्यायच्या आधी डॉक्टर गाठा.

पाचपैकी चार स्टार. एक स्टार टोकाच्या रबरी टोप्यांसाठी कापला, पहिली जोडी महिन्याभरात कुठेतरी पडली, दुसरी आणली, त्यातलीही एकच शिल्लक आहे, त्यामुळे सध्या डावीकडून टकटक आणि उजवीकडून ठप्प असा आवाज काढत मी उतरतेय.