फोल्डस्कोप, खिशातला मायक्रोस्कोप की यूएसबीवाला? सोलापुरातल्या घरासाठी आणि वर्गासाठी

मुलांसाठी मायक्रोस्कोप घ्यायचा म्हणून मोबाइलवर शोधायला गेलं की सगळ्यात आधी आकडे डोळ्यांत भरतात. ६० एक्स (म्हणजे ६० पट मोठं), १२० एक्स, १००० एक्स. आकडा मोठा तेवढं यंत्र भारी, असं आपण धरून चालतो आणि तिथंच फसतो. आधी ठरवायचं ते एवढंच की बघायची वस्तू जाड आहे की उजेड आरपार जाईल इतकी पातळ. मुंगी, टॉवेलची वीण, ज्वारीचं पान, नाणं यांच्यावर वरून उजेड पाडावा लागतो. कांद्याचा पापुद्रा, तळ्याच्या पाण्याचा थेंब, सुट्टा धागा यांना मागून उजेड लागतो. एक यंत्र दोन्ही कामं सारखीच छान करतं, असं सहसा होत नाही.

सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात दुर्लक्षित म्हणजे दहापटीचं साधं भिंग. घड्याळजी डोळ्याला लावतात तसलं. शेतात जाणाऱ्या घरानं आधी हेच घ्यावं, असं माझं ठाम मत आहे. डाळिंबाच्या फुलाखाली पांढरा कागद धरून फूल झटकलं की फुलकिडे कागदावर पडतात. ते जेमतेम एक मिलिमीटरचे असतात आणि दहा पटीत चांगले कळतात. ज्वारीवरचा मावा, त्याच्या पाठीमागची दोन बारीक नळकांडी, कोळ्याचे डोळे, एकदांडीच्या एका 'फुला'त दडलेली कितीतरी छोटी फुलं, हे सगळं याच्यातच. बॅटरी नको, फोकसची कटकट नको. सहा-सात वर्षांच्या पोराला सुरुवातीलाच याहून मोठं काही दिलं तर ते दोन दिवसांत कंटाळतं.

खिशातला एलईडी मायक्रोस्कोप त्याच्या पुढची पायरी. साठ ते एकशेवीस पटींचा म्हणून मिळतो, बॅटरीवर चालतो आणि काहींना मोबाइलवर बसवायची क्लिप असते. थेट वस्तूवर टेकवायचा आणि चाक फिरवायचं. सोलापुरी चादरीवर किंवा टेरी टॉवेलवर टेकवून बघा. उभा धागा, आडवा धागा आणि टॉवेलचे ते फास कसे उभे राहतात ते स्पष्ट दिसतं. ज्या घरात आजोबा यंत्रमागावर होते, तिथं मग गप्पा विज्ञानाच्या पुस्तकाबाहेर जातात. परडीतलं जास्वंदाचं फूलही यासाठी उत्तम, कारण त्याचे परागकण मोठे आणि काटेरी असतात. एक गोष्ट मुलांना आधीच सांगून ठेवा, यात चित्र उलटं दिसतं. मुंगी डावीकडे पळाली की यंत्र उजवीकडे न्यावंसं वाटतं आणि ती हातची निसटते.

पण पाण्याचा थेंब बघायला हा कमी पडतो. त्याचा दिवा वरून पडतो आणि पारदर्शक जीव त्या उजेडात हरवतात. काचपट्टीखाली पांढरा कागद ठेवून थोडं काम भागतं, थोडंच.

फोल्डस्कोपची जात निराळी. मेरठला जन्मलेले मनू प्रकाश आणि त्यांचे सहकारी जिम सायबुल्स्की यांनी स्टॅनफर्ड विद्यापीठात तो तयार केला. त्यावरचा शोधनिबंध २०१४ साली आला. कागदी घडीचा सांगाडा आणि त्यात काचेची एक बारीक गोळी, एवढाच मामला. गोळी जितकी लहान तितकं चित्र मोठं. नेहमीच्या फोल्डस्कोपमधली गोळी अडीच मिलिमीटरच्याही आत भरते आणि ती १४० पट मोठं दाखवते. डच संशोधक लेवेनहूक सतराव्या शतकात एकाच भिंगातून थेंबातले जीव बघत होता, तीच रीत. एकच भिंग असल्यामुळे चित्र सुलट दिसतं. दोन हजारांश (०.००२) मिलिमीटर अंतरावरच्या खुणा वेगळ्या कळतात, म्हणजे कांद्याच्या पेशी आणि पानावरची पर्णरंध्रं सहज दिसतात. चादरीतून ओढलेला सुती तंतू यात चपट्या, पिळलेल्या फितीसारखा दिसतो. पॉलिस्टरचा मात्र सरळसोट आणि गुळगुळीत. कापडावर 'शुद्ध सुती' लिहिलेलं असेल तर तपासायला मजा येते.

सिद्धेश्वर तलावाच्या किंवा हिप्परग्याच्या काठचं हिरवट पाणी बघायचं असेल तर पैसे फोल्डस्कोपवरच घाला. शेवाळाचे धागे आणि त्यांच्यात वळवळणारे जीव यात खऱ्या अर्थानं दिसतात. काठावर दगडांना लागलेला बुळबुळीत थर खरवडून घेतला तर नुसत्या पाण्यापेक्षा जास्त सापडतं. नंतर हात साबणानं धुवायचे.

त्याच्या अडचणी मात्र आहेत, आणि जाहिरातीत त्या कुणी सांगत नाही. डोळा भिंगाला जवळजवळ चिकटवावा लागतो, त्यामुळे चष्मेवाल्या मुलांची पंचाईत होते. दोन्ही अंगठ्यांनी वस्तू सरकवणं आणि फोकस करणं हाताला बसायला वेळ लागतो. दहा वर्षांच्या आतलं मूल एकटं बसलं तर चिडतं, शेजारी मोठं माणूस हवं. जाड वस्तू यात बसतच नाही. घरात पाणी रोज येत नाही, म्हणून आपल्याकडे पिंप भरून ठेवायची सवय. त्यात डासांच्या अळ्या झाल्याच तर अख्खी अळी भिंगाखालीच बघा. पाण्यात ती डोकं खाली करून तिरकी लटकत असेल तर डेंगी पसरवणाऱ्या एडिसची किंवा क्युलेक्सची, पृष्ठभागाला समांतर पडलेली असेल तर मलेरियाच्या अ‍ॅनाफिलिसची. फोल्डस्कोपमध्ये तिचा एखादा भाग तेवढा दिसेल, पण श्वास घ्यायच्या नळीचं टोक त्यातच बघावं.

सोलापूरचा उन्हाळा इथं दोन प्रकारे आडवा येतो. एक तर काचपट्टीवरचा थेंब बघता बघता सुकतो. कव्हरस्लिपच्या (थेंबावर झाकायच्या पातळ काचेच्या) कडांना व्हॅसलिनची बारीक रेघ ओढली की तो बराच टिकतो. दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची. उजेडासाठी फोल्डस्कोप सूर्याकडे धरायचा नाही, कधीच नाही. भिंगातून थेट ऊन डोळ्यात गेलं तर डोळा जायचा. उन्हानं उजळलेली चुन्याची भिंत किंवा पांढऱ्या कागदाआडून मोबाइलचा टॉर्च पुरेसा आहे.

यूएसबी मायक्रोस्कोप, म्हणजे तारेनं संगणकाला किंवा फोनला जोडायचा, तो वर्गासाठी. पडद्यावर चित्र आलं की पन्नास मुलं एकदम बघतात, एकेकाची पाळी लावावी लागत नाही. फोटो काढता येतात, व्हिडिओही. पण खोक्यावरच्या '१००० एक्स'वर विश्वास ठेवू नका. पडदा मोठा केला की चित्रही मोठं होतं, बारकावा तेवढाच राहतो. कीटक, बिया, कापड, माती यांसाठी छान, पेशींसाठी नाही. सोबतचा स्टँड बहुधा डुगडुगतो, आणि एप्रिलमध्ये पंखा बंद करून शिकवणं सोलापुरात कुणाला जमणार? जड पाट खाली ठेवा. फोनला जोडायचा असेल तर फोन ओटीजी (चार्जिंगच्या जागी बाहेरचं यंत्र जोडायची सोय) चालवतो का, हे घेण्याआधी बघा. नाहीतर यंत्र कपाटात पडून राहतं.

कपाटावरून आठवलं. बऱ्याच माध्यमिक शाळांत जुना संयुक्त सूक्ष्मदर्शक कुलपात असतो. फक्त भिंगं पुसली आणि आरसा नीट केला तरी तो पातळ वस्तूंसाठी या सगळ्यांपेक्षा सरस. नवीन खरेदीचा ठराव करण्याआधी मुख्याध्यापकांकडून किल्ली मागून घ्या.

डाळिंबवाल्यांचा नेहमीचा प्रश्न तेल्या रोगाचा असतो. तो जिवाणूंमुळे होतो आणि जिवाणू साधारण एक हजारांश मिलिमीटरचे असतात. वरच्यापैकी कुठल्याही हातातल्या यंत्रानं त्यांची ओळख पटणार नाही. पानावरचा तेलकट डाग भिंगानं नीट पाहावा आणि निदानासाठी नमुना केगावच्या राष्ट्रीय डाळिंब संशोधन केंद्रासारख्या ठिकाणी न्यावा.

तर मग घ्यायचं काय? घरात एकच मूल आणि वय आठच्या आत असेल तर भिंग आणि खिशातला एलईडी, दोन्ही मिळून पाचशेच्या आसपास भागतं. पाचवीच्या पुढचं, चिकाटीचं मूल असेल तर फोल्डस्कोप. शाळेकडे प्रोजेक्टर असेल तर एक यूएसबी आणि त्याच्या जोडीला गटागटाला एकेक फोल्डस्कोप. एकटा यूएसबी घेतला तर सर दाखवतात आणि मुलं नुसती बघतात, असं होतं. प्रोजेक्टर नसेल तर यूएसबीच्या नादी लागूच नका, त्या पैशांत भिंगं घ्या. यंत्राबरोबर काचपट्ट्या, कव्हरस्लिप, ड्रॉपर आणि जास्तीच्या बटण-बॅटऱ्या त्याच दिवशी आणा. एलईडीवाल्याच्या बॅटऱ्या पोरं दिवा चालू ठेवून पहिल्याच आठवड्यात संपवतात.