झूमवर भूमिती: ती रेघ कोणी काढली?

झूममध्ये सोयी पुष्कळ आहेत. मला त्यातल्या एकीबद्दल मनापासून लिहायचंय, ती म्हणजे अॅनोटेट. शिक्षक आपली स्क्रीन दाखवत असताना मुलांनाही तिच्यावर लिहिता येतं, रेघा ओढता येतात. बावीस वर्षं खडूनं भूमिती शिकवल्यानंतर मी आठवीचा वर्ग पहिल्यांदा ऑनलाइन घेतला, तेव्हा ही सोय बंद ठेवली होती. फळ्यावर लिहिणार ते बाईच, ही जुनी सवय.

मग त्रिकोणाच्या कोनांचा पाठ आला. तिन्ही कोनांच्या मापांची बेरीज १८० अंश, हे मुलांना पाठ असतं. का, असं विचारलं की वर्ग गप्प. मी एक मोठा त्रिकोण काढला, अॅनोटेट सगळ्यांसाठी सुरू केलं आणि म्हटलं, "आता यात काय काढलं तर आपलं काम होईल?" कोणी काय काढलं ते दिसू नये म्हणून काढणाऱ्यांची नावं बंद ठेवली.

पहिलं मिनिट गिरगोट्यांचं. एकानं फूल काढलं, एकानं स्वतःचं नाव लिहिलं. मी काही पुसलं नाही. आणि मग वरच्या शिरोबिंदूतून एक लाल रेघ निघाली. जरा थरथरती, पण पायाला समांतर. बाकीचे सगळे थांबले.

ज्यांनी भूमिती शिकवली आहे त्यांना या रेघेचं मोल ठाऊक आहे. ती आली की दोन्ही बाजूंना व्युत्क्रम कोनांच्या, म्हणजे सारख्या मापाच्या कोनांच्या, जोड्या मिळतात, खालचे दोन्ही कोन वरच्या कोनाशेजारी येऊन बसतात आणि तिघांचा मिळून सरळ कोन होतो. सिद्धता संपली. आजवर प्रत्येक वर्गात ती रेघ मीच काढली होती. आज कोणीतरी मला ती आणून दिली होती.

"ही कोणाची?" विचारलं. कोणी बोललं नाही. तास संपता संपता फक्त मला दिसेल असा एक मेसेज आला: "बाई, ती रेघ मी काढली."

शाळेत ही मुलगी खिडकीजवळ, शेवटून दुसऱ्या बाकावर बसायची. नाव घेतलं की उभी राहायची आणि जमिनीकडे बघायची. दीड वर्षात मी तिचा आवाज हजेरीपलीकडे ऐकला नव्हता. मी लिहिलं, "समांतरच का काढलीस?" तिचं उत्तर: "खालचे कोन उचलून वर ठेवायचे होते. ठेवायला जागा लागेल ना."

मी लॅपटॉप बंद केला आणि कितीतरी वेळ तशीच बसून राहिले. एवढा आनंद मला या खिडक्या-खिडक्यांच्या वर्गात मिळेल असं वाटलं नव्हतं.

तेव्हापासून चॅटची सेटिंगही मी बदलून टाकली. मुलांचा मेसेज फक्त होस्टला, म्हणजे मलाच दिसेल, असं करता येतं. वर्गात प्रश्नाला चार हात वर व्हायचे, नेहमीचेच. इथे अठ्ठावीसपैकी एकोणीस-वीस उत्तरं येतात. त्यातली चुकलेली मला जास्त आवडतात. नाव न घेता मी वाचून दाखवते, "एकानं असं लिहिलंय, यामागे काय विचार असेल?" आणि ज्याचं उत्तर होतं तोच पुष्कळदा दुरुस्ती लिहून पाठवतो.

आणखी एक गोष्ट माझ्याकडून आपोआप झाली, ती म्हणजे थांबणं. मेरी बड रो या अमेरिकी संशोधिकेनं १९७०च्या दशकातच दाखवून दिलं होतं की प्रश्न विचारल्यावर शिक्षक जेमतेम सेकंदभर थांबतात, आणि तीन सेकंद थांबले तर उत्तरं लांब होतात, जास्त मुलं बोलतात. प्रशिक्षणात हे ऐकलं होतं, पण वर्गात कधी जमलं नाही. इथे मुलांना माइक सुरू करायला, टाइप करायला वेळ लागतो, म्हणून थांबावंच लागतं.

ब्रेकआउट रूम, म्हणजे वर्गाचे छोटे गट करून वेगवेगळ्या ऑनलाइन खोल्यांत पाठवायची सोय, हीही उपयोगी. चार-चार मुलांचे गट करावेत, त्याहून मोठे नकोत. बाई खोलीत आल्या की बोलणं तुटतं, म्हणून मी माइक बंद ठेवून मिनिटभर नुसती ऐकते. ते मिनिट संपायच्या आत मुलं परत भांडायला लागतात, कोन कुठला यावरून.

दिवसभर पडद्यासमोर दमायला होतं, हे खरंच. स्टॅनफर्ड विद्यापीठातले संशोधक जेरेमी बेलेन्सन यांनी २०२१ मध्ये या थकव्याची चार कारणं मांडली होती. सतत स्वतःचाच चेहरा दिसत राहणं हे त्यातलं एक. झूममध्ये आपला चेहरा आपल्यापुरता लपवणारा 'हाइड सेल्फ व्ह्यू' हा पर्याय आहे. तो पहिल्या दिवसापासून वापरावा. मी उशिरा वापरला.

मुलाच्या खांद्यावरून वाकून वही बघणं इथे होत नाही. कंपास चुकीचा धरला असेल तर बोट धरून नीट करता येत नाही. याला कुठल्याच अॅपमध्ये उत्तर नाही, आणि ते मला रोज खुपतं. फोनच्या छोट्या पडद्यावर बोटानं नेमकी रेघ ओढणंही अवघड. अशा मुलांसाठी मी आकृती जवळजवळ पूर्ण स्क्रीनभर मोठी काढते. मोफत खात्यावर गटाची बैठक ४० मिनिटांची असते. एका सिद्धतेला तेवढा वेळ पुरतो.

भूमिती शिकवणाऱ्या कोणालाही मी झूम घ्या म्हणून सांगेन, पण अॅनोटेट मुलांच्या हाती देणार असाल तरच. नाहीतर तो नुसता दुरून दिसणारा फळा.

उद्या अर्धवर्तुळातला कोन आहे. आकृती तयार आहे: वर्तुळ, व्यास, वर्तुळावरचा एक बिंदू, आणि तो व्यासाच्या दोन्ही टोकांना जोडणाऱ्या रेघा. केंद्रातून त्या बिंदूपर्यंतची त्रिज्या मी काढलेली नाही.