दाखल व्हावं की बाहेरून उपचार घ्यावेत?

हा प्रश्न बहुतेक वेळा रात्री उशिरा विचारला जातो, आणि विचारणारा स्वतः व्यसनी नसतो. त्याची बायको असते, आई असते, धाकटा भाऊ असतो. घरात काहीतरी घडून गेलेलं असतं आणि सकाळ झाली की कुठेतरी फोन करायचा असतो. अशा वेळी ‘आता ठेवूनच टाकू या’ हे उत्तर सगळ्यात आधी सुचतं. ते चुकीचंच असतं असं मी म्हणणार नाही. दारूसाठी मी दोन्ही वाटांनी गेलोय. आधी व्यसनमुक्ती केंद्रात राहिलो, नंतर ओपीडीतून, म्हणजे घरी राहून दवाखान्यात जाऊन, उपचार घेतले. दोन्हीकडे चांगली माणसं भेटली. तरी माझा कल एका बाजूला आहे आणि तो मी लपवत नाही.

आधी एक गुंता सोडवायला हवा. अंगातली दारू उतरवणं, म्हणजे डिटॉक्स, हे एक काम. त्यानंतर न पिता जगायला लागणं हे दुसरं. पहिलं काही दिवसांत उरकतं, दुसऱ्याला महिने आणि वर्षं लागतात. घरचे लोक बहुधा पहिल्या कामाच्या भीतीने दुसऱ्याचा निर्णय घेऊन टाकतात.

पहिल्या कामात मात्र हयगय नको. रोज भरपूर पिणाऱ्याने एकदम बंद केली की पहिल्या दिवसातच हात थरथरतात, घाम फुटतो, छाती धडधडते. पहिल्या दोन दिवसांत फिट येऊ शकते. दुसऱ्या ते चौथ्या दिवसाच्या सुमारास काहींना भास होतात, ताप चढतो, आपण कुठे आहोत हेही कळेनासं होतं. डॉक्टर याला डिलिरियम ट्रेमेन्स म्हणतात, आणि वेळीच उपचार झाले नाहीत तर यात माणूस दगावतो. झोपेच्या किंवा चिंतेच्या बेन्झोडायझेपीन गोळ्यांची सवय असेल तर त्याही अशाच अचानक तोडायच्या नसतात. पूर्वी कधी दारू सोडताना फिट आली असेल, भास झाले असतील, किंवा लिव्हर, हृदयाचा आजार असेल, तर तुलना वगैरे बाजूला ठेवा आणि रुग्णालय गाठा. रुग्णालयच म्हणतोय मी. रात्री डॉक्टर जागेवर असतो, थायमिन म्हणजे बी-१ जीवनसत्त्वाचं इंजेक्शन हाताशी असतं, अशी जागा. नुसतं ‘केंद्र’ अशी पाटी लावलेल्या प्रत्येक ठिकाणी हे असतंच असं नाही.

त्रास सौम्य किंवा मध्यम असेल तर डिटॉक्ससुद्धा घरी राहून, रोज दवाखान्यात जाऊन होऊ शकतं. अमेरिकेत माजी सैनिकांवर झालेला एक अभ्यास १९८९ साली प्रसिद्ध झाला. त्यात १६४ जणांना चिठ्ठ्या टाकाव्यात तसं दोन गटांत वाटलं होतं. दाखल असलेल्यांपैकी ९५ टक्क्यांनी डिटॉक्स पुरं केलं, बाहेरून येणाऱ्यांपैकी ७२ टक्क्यांनी. म्हणजे आत ठेवल्यावर माणूस मधूनच निघून जात नाही, हे खरंच. पण सहा महिन्यांनी पाहिलं तेव्हा दोन गटांत सांगण्यासारखा फरक उरला नव्हता. माझा अनुभव या शेवटच्या वाक्याच्या जवळचा आहे.

आता केंद्रात राहण्याबद्दल. तिथे गेल्यावर मला सगळ्यात आधी झोप परत मिळाली, मग भूक. आज काय सबब सांगायची, पैसे कुठून काढायचे, वास कसा लपवायचा, ही रोजची हिशेबाची कटकट थांबली. ती थांबल्यावर डोकं किती मोकळं होतं, हे पिणाऱ्यालाच कळेल. दुसरी मोठी गोष्ट म्हणजे ग्रुप. एका दुपारी एक गृहस्थ बाटली लपवायच्या आपल्या जागा सांगू लागले. पाण्याच्या टाकीत, जुन्या बुटांच्या खोक्यात, गाडीत स्टेपनीच्या मागे. खोलीतला प्रत्येक जण मान हलवत होता, कारण प्रत्येकाची एक तरी जागा त्या यादीत होती. आपणच एकटे नीच आहोत ही समजूत त्या दुपारी माझ्यापुरती सुटली. ओपीडीत हे इतक्या लवकर झालं नसतं, हे प्रामाणिकपणे सांगायला हवं.

मुक्काम किती दिवसांचा, यावर मात्र फार विसंबू नये. बऱ्याच ठिकाणी २८ दिवसांचा ठरीव कार्यक्रम असतो. तो साचा विसाव्या शतकाच्या मध्यावर अमेरिकेतल्या मिनेसोटात आकाराला आलेल्या पद्धतीतून पसरला. एकोणतिसाव्या दिवशी मेंदूत काही पूर्ण होतं, असं त्यामागे काही नाही. अमेरिकेच्या राष्ट्रीय अमली पदार्थ संस्थेच्या मार्गदर्शक तत्त्वांत म्हटलंय की उपचार राहून घ्या की बाहेरून, ९० दिवसांपेक्षा कमी असतील तर त्यांचा परिणाम मर्यादितच राहतो.

जागा बदलली की व्यसन सुटतं, याच्या बाजूने व्हिएतनाम युद्धातून परतलेल्या सैनिकांचं उदाहरण दिलं जातं. संशोधक ली रॉबिन्स यांनी १९७०च्या दशकात त्यांचा मागोवा घेतला. तिथे हेरॉइनच्या आहारी गेलेल्यांपैकी बहुतेक जण घरी परतल्यावर पुन्हा त्या व्यसनात अडकले नाहीत. हे वाचून केंद्राच्या बाजूने मुद्दा झाला असं वाटतं. पण ते सैनिक व्हिएतनामला परत गेले नाहीत. केंद्रातून सुटलेला माणूस त्याच गल्लीत, त्याच दोस्तांत, त्याच कामावरून सुटण्याच्या वेळेत परत येतो.

आणि इथेच माझं मन फिरलं. केंद्रात माझे एक समुपदेशक होते. वडिलांबद्दल, नोकरीबद्दल, बायकोला सांगितलेल्या खोट्या गोष्टींबद्दल मी आयुष्यात पहिल्यांदा कुणाशी बोललो असेन तर त्यांच्याशी. डिस्चार्जच्या दिवशी हातात एक कागद मिळाला. गोळ्यांची नावं, खाली शिक्का, आणि शेवटच्या ओळीत एकच शब्द, ‘फॉलोअप’. कुणाकडे, कधी, काही नाही. घरी आल्यावरचे पहिले काही दिवस नव्याचे नऊ दिवस म्हणावेत असे गेले. मग एका संध्याकाळी तलफ आली. केंद्रात आली नव्हती इतकी जोरात, कारण केंद्रात तशी संध्याकाळच नव्हती. मी फोन केला. पलीकडे कुणी तरी अनोळखी होतं. ते समुपदेशक आत दाखल असलेल्यांसाठीच आहेत, असं सांगण्यात आलं. त्रास होत असेल तर पुन्हा भरती व्हा. त्या माणसाचा सूर वाईट नव्हता, नियम तसा होता. पण ज्याच्याजवळ सगळं मोकळं केलं, तो माणूस नेमका गरजेच्या वेळी हक्काचा नाही, ही गोष्ट मला फार लागली. पुढे नव्या डॉक्टरांकडे गेलो तर त्यांच्यापर्यंत एक कागदही पोचलेला नव्हता. पुन्हा पहिल्यापासून सगळं सांगणं आलं. काही गोष्टी दुसऱ्यांदा सांगायचं बळच नसतं.

सगळी केंद्रं अशी असतात असा माझा दावा नाही. बाहेर पडलेल्यांच्या बैठका वर्षानुवर्षं घेणारी, घरच्यांना सोबत बसवणारी केंद्रंही आहेत. पण निवडताना ही बाजू कुणी तपासत नाही. खोल्या कशा आहेत, जेवण कसं आहे, हे विचारलं जातं.

ओपीडीची सुरुवात मला अजिबात आवडली नाही. आठवड्यातून ठरलेल्या संध्याकाळी जायचं, आधी श्वासाची तपासणी, मग समुपदेशक बाईंसमोर वही उघडायची. वहीत चार रकाने होते. तलफ कधी आली, तेव्हा कुठे होतो, कोण सोबत होतं, मग काय केलं. पहिले काही आठवडे मला हे शाळकरी वाटलं. मग एकदा बाईंनी शेवटच्या रकान्यावरचं बोट उचलून दुसऱ्या रकान्यावर ठेवलं आणि म्हणाल्या, “हे बघा, बहुतेक वेळा तुम्ही बसथांब्यावर उभे असता.” खरंच होतं. कामावरून सुटायचं, बस यायला वेळ असायचा, आणि समोर दुकान. मी मार्ग बदलला. एवढीशी गोष्ट, पण केंद्रात ती सापडणं शक्यच नव्हतं, कारण केंद्रात बसथांबा नव्हता. ओपीडीचं बळ यात आहे. जिथे घसरण होते तिथेच पाय रोवायला शिकता येतं, आणि घसरलात तर पुढच्याच भेटीत तेच ओळखीचे डोळे समोर असतात. नव्याने भरती व्हावं लागत नाही.

तोटेही आहेत. भेट चुकवणं सोपं. खोटं बोलणंही सोपं, निदान तपासणी होईपर्यंत. आणि घरात बायको पोलीस होऊन बसते. आमच्या डॉक्टरांनी यावर एक वाटणी करून दिली. सकाळची गोळी तिच्यासमोर घ्यायची, पण वास घेणं, खिसे तपासणं, उलटतपासणी करणं हे तिचं काम नाही, ते दवाखान्याचं. या एका नियमाने आमच्या घरातली भांडणं जितकी कमी झाली तितकी दुसऱ्या कशानेच झाली नसतील.

गोळ्यांवरून आठवलं. डायसल्फिरॅम १९४८ पासून दारूसाठी माहीत आहे. ती घेत असताना प्यायलं तर चेहरा लाल होतो, उलट्या होतात, रक्तदाब कोसळतो. ही गोळी जेवणात कालवून, माणसाच्या नकळत कधीही देऊ नका. जिवावर बेतू शकतं. नाल्ट्रेक्सोनला अमेरिकेत दारूसाठी १९९४ साली मान्यता मिळाली. ती तलफ आणि पिण्यातली मजा कमी करते. अकॅम्प्रोसेट ही दारूसाठीचीच आणखी एक गोळी आहे. या तिन्हींसाठी आत राहावं लागत नाही. महिनोन्‌महिने घ्यायच्या गोष्टी आहेत, म्हणजे ओपीडीचीच बाब.

हेरॉइन किंवा इतर अफूवर्गीय पदार्थांचं व्यसन असेल तर माझं पारडं ओपीडीकडे आणखी झुकतं, आणि तिथे मी जरा ठामपणे बोलेन. नुसतं आत ठेवून, अंग स्वच्छ करून घरी सोडणं यात मोठा धोका आहे. शरीराची सहनशक्ती उतरलेली असते, आणि बाहेर आल्यावर पूर्वीइतकाच डोस घेतला तर श्वास थांबू शकतो. इंग्लंडमध्ये दाखल होऊन डिटॉक्स केलेल्या १३७ जणांचा अभ्यास २००३ साली प्रसिद्ध झाला. नंतरच्या काही महिन्यांत ओव्हरडोसने जे तिघे गेले, ते तिघेही कार्यक्रम यशस्वीपणे पूर्ण केलेल्यांपैकी होते. म्हणून मेथाडोन किंवा ब्युप्रेनॉर्फिन ही तलफ आवरणारी औषधं दीर्घकाळ चालू ठेवणं याला इतकं महत्त्व आहे. मेथाडोनचा हा वापर न्यूयॉर्कमध्ये १९६०च्या दशकात सुरू झाला आणि २००५ पासून ही दोन्ही औषधं जागतिक आरोग्य संघटनेच्या अत्यावश्यक यादीत आहेत. ‘एक नशा सोडून दुसरी लावली’ असं म्हणणारे भेटतील. त्यांचं ऐकून औषध तोडू नका. घरात नालोक्सोन, म्हणजे अशा ओव्हरडोसवरचा उतारा, ठेवता येत असेल तर ठेवा.

अभ्यास एका सुरात बोलत नाहीत, हेही सांगतो. लंडनमध्ये १९७७ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दारूचं व्यसन असलेल्या १०० विवाहित पुरुषांपैकी निम्म्यांना फक्त एका बैठकीत सल्ला दिला, निम्म्यांना सगळे उपचार. वर्षाने निकाल जवळजवळ सारखे. उलट १९९१ साली प्रसिद्ध झालेल्या, अमेरिकेतल्या कामगारांवरच्या अभ्यासात आधी रुग्णालयात राहिलेले, केवळ दारू सोडणाऱ्यांच्या स्वमदत गटाच्या, अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमसच्या बैठकांना पाठवलेल्यांपेक्षा सरस ठरले. माझ्या मते यातून एवढंच निघतं की माणूस कुठे झोपतो यावर सगळं अवलंबून नसतं.

केंद्र कुणी निवडावं? ज्याच्या घरात दुसरा कुणी पितो. ज्याला घरच नाही. ज्याच्या मनात जीव द्यायचे विचार येतात किंवा सोबत मोठा मानसिक आजार आहे. जो ओपीडीत मनापासून येऊन पुन:पुन्हा घसरलाय. यांनी संकोच न करता आत राहावं, काही दिवस जगापासून लांब राहण्याची त्यांना खरीच गरज असते. पण जिथे मारहाण होते, कोंडून ठेवतात, घरच्यांना भेटू देत नाहीत, डॉक्टर फक्त पाटीवर असतो, तिथून माणसाला त्याच दिवशी परत आणा.

बाकीच्यांसाठी, म्हणजे ज्यांना घर आहे, काम आहे, घरात निदान एक माणूस बाजूने आहे, मी आधी ओपीडीच सुचवेन. गरज पडली तर डिटॉक्सपुरतं रुग्णालय, आणि लगेच ओपीडी. तरीही केंद्राकडे मन ओढत असेल तर फोनवर एक प्रश्न विचारा. डिस्चार्जनंतर याचा समुपदेशक कोण असेल, आणि त्याची पहिली भेट हा आत असतानाच ठरवाल का? पलीकडून नाव आणि तारीख मिळाली तर भरती करायला माझी हरकत नाही. ‘नंतर बघू’ असं उत्तर आलं तर फोन ठेवा आणि पुढचा नंबर लावा.