एपीयू२ आणि सिरीयल कन्सोल: काही महिन्यांच्या वापरानंतर

एपीयू२ या छोट्या कॉम्प्युटर बोर्डावर ओपनबीएसडी ही ऑपरेटिंग सिस्टीम टाकून तो फायरवॉल म्हणून काही महिने चालवतोय. पंखा नाही, आवाज नाही, मध्ये कधी अडकला नाही. पण मॉनिटर जोडायची सोयच नाही, नऊ पिनांचा सिरीयल पोर्ट तेवढा आहे; दुसऱ्या कॉम्प्युटरवरून केबलने त्याच्याशी बोलायचं, तोच कन्सोल. त्यामुळे हा बोर्ड घ्यायचा का, हे प्रोसेसर बघून ठरवू नका. कन्सोल गप्प बसला तर त्याच्यामागे लागायची तयारी आहे का, ते आधी बघा.

सगळ्यात जास्त वेळ खाल्ला केबलने. नल मोडेम (पाठवायची आणि घ्यायची तार उलटवलेली) म्हणून विकलेली यूएसबी-सिरीयल केबल आतून सरळ निघाली. टोकाच्या २ आणि ३ नंबरच्या पिना तारेच्या तुकड्याने जोडल्या की टर्मिनल प्रोग्रॅममध्ये टाइप केलेलं अक्षर परत दिसतं, म्हणजे अडॅप्टर आणि ड्रायव्हर ठीक. तारा उलटवल्यात की नाही, हे मात्र त्यातून कळत नाही. त्यासाठी केबल बोर्डापासून सोडवून, टर्मिनल प्रोग्रॅम चालू ठेवून मीटर लावा. पिन ५ म्हणजे ग्राउंड. त्याच्या तुलनेत पाच-सहा व्होल्ट ऋण पिन २ वर दिसले तर केबल बरोबर, पिन ३ वर दिसले तर सरळ. (३.३ व्होल्टच्या टीटीएल पिना असलेल्या बोर्डांना ही केबल चुकूनही लावू नका, चिप जाईल.)

केबल बरोबर असली की पुढचं निदान सोपं आहे. पडद्यावर कचरा येतोय? वेग चुकलाय. या बोर्डाला ११५२००, आठ बिट, पॅरिटी नाही, एक स्टॉप बिट लागतो. ओपनबीएसडी मात्र मुळात ९६०० धरून चालते. सगळं नीट दिसतंय, पण टाइप केलेलं पोचत नाही? हार्डवेअर फ्लो कंट्रोल (वेगळ्या तारांवरून ‘थांब’, ‘पाठव’ सांगणं) बंद करा. मिनिकॉम या टर्मिनल प्रोग्रॅममध्ये तो बहुधा चालूच असतो, आणि तीन तारांच्या केबलला तो झेपत नाही.

खरा घोळ पुढे आहे. बूट प्रॉम्प्ट (सिस्टीम सुरू होण्याआधी आज्ञा द्यायची जागा) दिसतो, ‘एंट्री पॉइंट ॲट’ ही ओळ येते आणि तिथेच दातखीळ बसते. मशीन लटकलेलं नसतं, कर्नल, म्हणजे सिस्टीमचा गाभा, नसलेल्या पडद्याशी बोलत असतो. बूट प्रॉम्प्टवर आधी ‘एसटीटीवाय कॉम० ११५२००’ आणि मग ‘सेट टीटीवाय कॉम०’ द्यायचं (कॉम० म्हणजे पहिला सिरीयल पोर्ट), याच क्रमाने, म्हणजे कन्सोल वळतानाच वेग बरोबर असतो. इन्स्टॉलर कॉम० बद्दल विचारतो तेव्हा होय म्हटलं की बूट डॉट कॉन्फ या सेटिंगच्या फाइलमध्ये तो हे स्वतःच लिहून ठेवतो. इतकं करूनही लॉगिन येत नसेल तर टीटीवायएस (लॉगिन कुठे द्यायचं याची यादी) फाइलमधली टीटीवाय०० ची ओळ ‘ऑन’ आहे का ते बघा.

रोजच्या वापरात बारीक कटकटी उरतात. कन्सोलला खिडकीचा आकार कळत नाही, त्यामुळे व्हीआय हा एडिटर अर्ध्यातच चालतो. एसटीटीवाय या आज्ञेने ओळी आणि रकाने सांगावे लागतात. एसएसएचने (दुरून लॉगिन करून) सीयू हा सिरीयल प्रोग्रॅम वापरत असाल तर त्यातून बाहेर पडायच्या टिल्ड-डॉटने (~.) एसएसएचच तुटतं, टिल्ड दोनदा दाबा.

आणि केबल उपटली म्हणून रूट (सर्वाधिकार असलेला वापरकर्ता) लॉगआउट होत नाही. पुढचा माणूस केबल जोडेल तेव्हा रूटचा प्रॉम्प्ट तयार असतो. मी प्रोफाइलमध्ये टीएमआउट (ठरावीक वेळ काही टाइप झालं नाही की आपोआप लॉगआउट) घालून ठेवलाय.