बीडीडी चाळींचा अभ्यास: आधी दप्तर की आधी टेप?

बीडीडी चाळींवर, म्हणजे ब्रिटिश काळात सरकारने मुंबईत बांधलेल्या चाळींवर, पीएचडी करायची तर सुरुवात दोन ठिकाणांहून होते: एल्फिन्स्टन कॉलेजच्या इमारतीतल्या राज्य अभिलेखागारातलं दप्तर, म्हणजे जुने सरकारी कागद, नाहीतर मोजायची टेप घेऊन थेट वरळी-नायगावच्या चाळी.

दप्तरातून सरकारचा हेतू कळतो. 1920 साली स्थापन झालेलं बॉम्बे डेव्हलपमेंट डिपार्टमेंट (हेच ‘बीडीडी’), त्याने बांधलेल्या 207 चाळी, तळमजला अधिक तीन मजले, खोली सुमारे 160 चौरस फुटांची. पण तिथे भाडेकरू म्हणजे नुसता आकडा. कोकणातून आलेले गिरणी कामगार एकाच खोलीत पाळीपाळीने झोपत, हे नकाशात कुठून दिसणार?

ते खोलीत दिसतं: पोटमाळा, मोरी, फळ्यांचा आडोसा. मोजताना चार भिंतींबरोबर दोन्ही कर्णही घ्या. भिंती काटकोनात नसतील तर चूक घरी रेखाटताना कळते, मग पुन्हा फेरी आली. भिंतीची जाडी दाराच्या चौकटीत मोजा. मुलाखतीत ‘कोणत्या साली आलात?’ हा प्रश्न फुकट जातो. ‘1982च्या संपाआधी की नंतर?’ असं विचारा आणि जुनी भाडेपावती बघायला मागा.

आमचा कौल टेपला. पुनर्विकासात चाळी पाडल्या जाताहेत, कागद कुठे जात नाहीत. अभिलेखागाराच्या परवानगीचा अर्ज मात्र त्याच आठवड्यात टाकून ठेवा.