एचआयव्ही-२ चा अहवाल आणि नीट समजावून सांगणारे केंद्र

रत्नागिरी जिल्ह्यातील किनाऱ्यालगतच्या एका सरकारी रुग्णालयातील एचआयव्ही तपासणी व समुपदेशन केंद्राविषयी हा अभिप्राय आहे. नात्यातील एका गृहस्थांचा अहवाल ‘एचआयव्ही-२’ असा आला, म्हणून मी त्यांच्यासोबत गेलो होतो. नेहमी आढळणाऱ्या एचआयव्ही-१ हून वेगळा असा एचआयव्हीचा हा दुसरा प्रकार मुळात पश्चिम आफ्रिकेतील असून आपल्याकडे तुरळकच आढळतो.

समुपदेशन ही येथील सर्वांत जमेची बाजू. ‘गोळ्या चुकवू नका’ एवढ्यावर बोळवण न करता समुपदेशक बाईंनी केसपेपर उलटा करून त्यावर दोन्ही विषाणूंतला फरक काढून दाखवला. एचआयव्ही-१ मध्ये शरीराच्या लढ्याला दिशा देणाऱ्या सीडी-४ या पांढऱ्या पेशी झपाट्याने घटत गेल्याने बाधित पेशी मारणाऱ्या सीडी-८ पेशी हळूहळू थकतात. याउलट एचआयव्ही-२ च्या बऱ्याच रुग्णांत सीडी-४ पेशींची मदत दीर्घकाळ टिकते, आणि त्यांच्या सीडी-८ पेशी विषाणूचा गाभा घडवणाऱ्या गॅग प्रथिनावर नेमका रोख धरून एकाच वेळी अनेक संरक्षक द्रव्ये सोडू शकतात. “काका, खारबंधाऱ्याला भगदाड पडलं तरी बुजवणारे हात गावात असले की शेत खारं होत नाही,” असे त्या म्हणाल्या, आणि गृहस्थांचा चेहरा प्रथमच सैल झाला. मात्र काही रुग्णांत हाही विषाणू बळावतो आणि मग आजार तितकाच गंभीर होतो, हे सांगायला त्या विसरल्या नाहीत. मला ही स्पष्टोक्ती दिलाशाहून मोलाची वाटली.

औषधांबाबतही दक्षता दिसली. नेव्हिरापिन व इफाव्हिरेन्झ ही एचआयव्ही-१ वरची औषधे एचआयव्ही-२ वर चालत नाहीत, त्यामुळे डॉक्टरांनी डोलुटेग्राविर असलेली गोळी निवडली. ती मोफत मिळते.

उणीव आहे ती गोपनीयतेची. खोलीचे दार थेट बाह्यरुग्ण विभागाच्या रांगेकडे उघडते आणि शिपाई रुग्णाला नावाने मोठ्याने हाक मारतो. २०१७ च्या एचआयव्ही-एड्स कायद्याने गुप्ततेची हमी दिलेली असताना हे अक्षम्य आहे. शिवाय शहरातील एका खासगी प्रयोगशाळेने व्हायरल लोड (रक्तातील विषाणूंचे प्रमाण) ‘आढळला नाही’ असा कागद आधीच दिला होता. नेहमीची ती चाचणी एचआयव्ही-१ साठीच असल्याने एचआयव्ही-२ च्या रुग्णाला तिच्यावरून काहीच कळत नाही, हे आम्हाला या केंद्रातच समजले. म्हणून असा अहवाल आलेल्यांनी येथे येताना जुने सर्व कागद आणावेत आणि सीडी-४ ची तपासणी ठरलेल्या वेळी होते आहे ना, हे स्वतः विचारून घ्यावे.