खोट्या रिफंडचा गुंता आणि नाशिकच्या सीए मॅडम - माझा अनुभव (५ पैकी साडेचार)

मॅडमचं नाव टाकत नाही, त्यांनीच नको सांगितलं, सीए लोकांना म्हणे अशी जाहिरात चालत नाही. ऑफिस कॅनडा कॉर्नरला, दुसरा मजला. पण अनुभव लिहायचाच होता कारण आमच्या एमआयडीसीत माझ्यासारखे अजून खूप जण अडकलेत आणि घाबरून गप्प बसलेत.

झालं असं की कंपनीच्या गेटबाहेर एक रिटर्न भरून देणारा यायचा, पगारातून कापलेला टॅक्स (टीडीएस) सगळा परत काढून देतो, आलेल्या रिफंडच्या १० टक्के द्या, बाकी काही नाही. लाइनवरच्या निम्म्या पोरांनी दिलं, मीपण दिलं, फॉर्म १६ (पगार आणि कापलेल्या टॅक्सचा कंपनीचा दाखला) आणि पॅन-आधारचे फोटो व्हॉट्सॲपवर पाठवले, ओटीपी सांगितला, संपलं. ऑगस्ट २०२३ मध्ये खात्यात ४१,६०० आले. त्याचे ४ हजार त्याला दिले. पैसे कुठल्या हिशोबाने आले हे मी विचारलं नाही, ही चूक माझीच आहे आणि ती मी मान्य करतो. पुढच्या वर्षीपण त्यालाच दिलं.

मग २०२५ च्या फेब्रुवारीत इन्कम टॅक्सचा एसएमएस आला, तुमच्या रिटर्नमधल्या वजावटी (टॅक्स कमी करायला दाखवलेले खर्च) तपासा, चूक असेल तर अपडेटेड रिटर्न, म्हणजे दुरुस्त केलेलं रिटर्न भरा. एजंटला फोन लावला तर आधी म्हणाला सगळ्यांनाच येतो तो, लक्ष नका देऊ, आणि आठ दिवसांनी नंबर बंद. घरी सांगितलं तेव्हा बायको एवढंच म्हणाली, अहो उद्याच कुणाला तरी दाखवा, झाकून ठेवू नका. तिच्या मावसभावाने या मॅडमचा पत्ता दिला.

पहिल्या दिवशी मॅडमनी मला काही बोलूच दिलं नाही, आधी इन्कम टॅक्स पोर्टलचं लॉगिन मागितलं. ते माझ्याकडे नव्हतंच. आधार ओटीपीने पासवर्ड बदलून आत गेलो तर प्रोफाइलमध्ये ईमेल भलताच, कुणाचा तरी जीमेल, माझा नाहीच. म्हणजे मेलने नोटीस आली असती तर मला कधी कळलंच नसतं. मॅडमनी सगळ्यात आधी तो बदलला, मग रिटर्न उघडलं, स्क्रीन माझ्याकडे फिरवली आणि एकेका ओळीवर पेन ठेवून विचारलं, "दादा, ८०जीजीसी म्हणजे राजकीय पक्षाला देणगी, तुम्ही ६० हजार कुठल्या पक्षाला दिले?" मी म्हटलं कुणालाच नाही. "८०ई, शैक्षणिक कर्जाचं व्याज ९० हजार?" माझी मुलगी तेव्हा सहावीत. "८०डी, मेडिक्लेम ५० हजार?" आमचा मेडिक्लेमच नाही, ईएसआय (सरकारी कामगार विमा) सुटल्यापासून कंपनीचीच पॉलिसी आहे. तीन ओळींत २ लाखांची वजावट आणि तिन्ही खोट्या. मला खरंच दरदरून घाम फुटला तिथे.

त्या ओरडल्या नाहीत. कागदावर लिहून समजावलं. इन्कम टॅक्स खातं स्वतः तपासायला बसलं आणि चुकीची माहिती दिली असं ठरलं तर बुडवलेल्या टॅक्सच्या २०० टक्के दंड लागू शकतो. त्याआधी आपण होऊन अपडेटेड रिटर्न भरलं तर टॅक्स, त्यावरचं व्याज आणि या दोन्हीच्या बेरजेवर २५ टक्के जादा, एवढ्यावर भागतं. पण २०२३-२४ च्या असेसमेंट इयरसाठी (म्हणजे २०२२-२३ च्या कमाईसाठी) हे २५ टक्के ३१ मार्च २०२५ पर्यंतच होते, १ एप्रिलपासून ५० टक्के लागणार होते. हिशोब असा निघाला, ४१,६०० मूळ, महिन्याला १ टक्का असं २४ महिन्यांचं व्याज जवळपास १० हजार, वर २५ टक्के, एकूण ६४ हजार ४८०. एक दिवस उशीर झाला असता तर ७७ हजारांच्या वर गेलं असतं.

एवढे पैसे कुठे होते घरात. बायकोच्या भिशीचे २० हजार आले, बाकी पतसंस्थेतून काढले, ते मंजूर व्हायला २८ तारीख उजाडली. ३० ला रविवार आणि पाडवा, ३१ ला ईदची सुट्टी. मला वाटलं गेलं आता सगळं. मॅडम म्हणाल्या पोर्टलला सुट्टी नसते, तुम्ही या. पाडव्याच्या दुपारी घरची गुढी उभारून, जेवण करून त्या ऑफिसला आल्या, टेबलावर साखरेची गाठी ठेवलेली, शटर अर्धं खाली. नेट बँकिंगने चलन भरलं, चलनाचा नंबर त्यांनी दोनदा वाचून माझ्याकडून पडताळून घेतला, रिटर्न टाकलं, आधारचा ओटीपी आला, ई-व्हेरिफाय झालं. निघताना गाठीतलं एक पदक तोडून मुलीसाठी दिलं. हे मी विसरणार नाही.

दुसऱ्या वर्षाचं रिटर्न जूनच्या पहिल्या आठवड्यात तसंच दुरुस्त केलं, तेही २५ टक्क्यांतच बसलं. आमच्याच लाइनवरचा एक जण बघू बघू करत राहिला, त्याला जूनच्या शेवटी १४३(२) ची नोटीस आली, म्हणजे स्क्रुटिनी, खात्याने त्याचं रिटर्न तपासायला घेतलं. ती आली की त्या वर्षाचं अपडेटेड रिटर्न भरताच येत नाही. मॅडमनी त्यालाही खोटी आशा दाखवली नाही, कागद नसतील तर नाहीत असंच उत्तरात लिहा, बनावट पावती जोडायला सांगणारा कुणी भेटला तर त्याच्या नादाला लागू नका, असं स्पष्ट सांगितलं. तेव्हाच त्यांनी अजून एक दाखवलं, नोटिशीवर डीआयएन म्हणजे तिचा स्वतःचा ओळख नंबर असतो, तो पोर्टलवर लॉगिन न करता टाकून नोटीस खरी का बनावट ते बघता येतं. पुढच्या महिन्यात १४ जुलैला खात्याने अशा रिफंड एजंटांवर देशभर दीडशे ठिकाणी कारवाई केली, ती बातमी वाचताना माझे हात थरथरत होते.

फी दर रिटर्नला ३,५००. रिफंडच्या टक्क्यावर काम करतच नाहीत आणि मला आता तोच भरवशाच्या माणसाचा पुरावा वाटतो. अर्धा स्टार कापला तो यासाठी की जुलै ते सप्टेंबर त्या फोन उचलत नाहीत, व्हॉट्सॲपला तीन-तीन दिवस उत्तर नाही, आणि फीची पावती मला दोनदा मागावी लागली. लिफ्ट नाही, गुडघे दुखणाऱ्या माणसाला नेणार असाल तर आधी कळवा, त्या खाली येतात.

वडील रिटायर्ड शिक्षक आहेत, त्यांच्या पॅनवरही २०१२-१३ ची ८,४६० ची जुनी थकबाकी दिसते म्हणून ते कित्येक वर्षं काळजीत होते, कुणीतरी त्यांना घर जप्त होईल असंही सांगितलेलं. मॅडमनी पोर्टलवर पेंडिंग ॲक्शनमध्ये जाऊन आउटस्टँडिंग डिमांड (थकबाकीची मागणी) उघडली, २०२४ च्या अंतरिम बजेटमध्ये अशा छोट्या जुन्या मागण्या माफ झाल्यात, त्या काळातल्या एकेका वर्षाच्या १० हजारांपर्यंतच्या, त्यात ही बसली होती, समोर 'एक्स्टिंग्विश्ड', म्हणजे संपलेली, असं लिहिलेलं. याचे काही पैसे घेतले नाहीत. वडिलांनी त्या पानाची प्रिंट मागून घेतली, घडी करून पेन्शनच्या पासबुकात ठेवली आहे.